उणे चिन्ह

बत्तीस वर्षं मी गावच्या दवाखान्यात सुया टोचल्या.
म्हाताऱ्यांच्या शिरा बोटाखालून निसटतात,
तान्ह्यांच्या दिसतच नाहीत;
मला पहिल्या खेपेला सापडायच्या.
म्हणून निकानोर, माझा भाचा,
वाल्पाराईसोहून खोकं घेऊन उतरला तेव्हा म्हणाला,
मावशी, तुझा हात हवाय.
झाडाला टोचायचंय.

खोक्यात एक सर्किट, बिस्किटाच्या डब्यात बसवलेलं,
मोटारसायकलची थकलेली बॅटरी,
मोहरीएवढे तापमापक,
आणि ते ज्यांच्या पोटात सरकवायचे त्या सुया:
माझ्याच कपाटातल्या, तारीख उलटलेल्या.
विकतचं यंत्र म्हणजे माझी चार महिन्यांची पेन्शन.
हे दोन कोंबड्यांच्या पैशात उभं राहिलं.
(कोंबड्या माझ्या होत्या.)

मधल्या सुईनं लाकडाला क्षणभर चटका द्यायचा.
वरच्या आणि खालच्या सुईनं सांगायचं,
ऊब माझ्याकडे किती आली.
पाणी वर चाललं असेल तर वरची जास्त तापते.
एवढंच. कपाळावर हात ठेवून ताप बघतो, तसं.

आमची नदी पुलाखालून उठून गेली त्याला अकरा वर्षं झाली.
पूल आहे.
मंगळवारी टँकर येतो, पिंपांची रांग लागते,
आणि समोरच्या डोंगरावर कंपनीचे अवोकाडो
टेकडीच्या मानेपर्यंत हिरवे.
ते किती पितात हेच मोजायचं होतं निकानोरला.
पण कुंपणाच्या आत कोण येऊ देतंय?
मग एलेउतेरिओच्या बकऱ्यांच्या गोठ्यामागचा किल्याय,
ज्याची साल कुटून आई आमचे केस धुवायची.
गिरमिट फिरवलं तेव्हा भुसा ओला निघाला,
हाताला फेस आला.
दुखेल रे, म्हणाले मी. सवयीनं.

एक जोडी उरली होती, ती मुळात खोचली,
जमिनीसरशी पसरलेल्या, मनगटाएवढ्या जाड मुळात.

सकाळी आकडा चढत गेला.
दुपारी दोनला एकदम पडला. मला वाटलं, बॅटरी गेली.
बॅटरी नव्हे. उन्हात झाड तोंड मिटून बसलं होतं.
आणि पहाटे साडेतीनला
मुळाच्या आकड्याआधी एक आडवी रेघ.
उणे.

तारा उलट्या जोडल्यात, निकानोर म्हणाला.
मग दिवसाही उणंच आलं असतं की, मी म्हणाले.
तो गप्प झाला. मग म्हणाला,
तुझी सुई वाकडी गेली असेल.

माझी सुई.

आम्ही पाच रात्री बसलो, ब्लँकेट गुंडाळून,
बकऱ्या आमच्याकडे बघत, आम्ही पडद्याकडे.
पाचही रात्री तेच. उजाडलं की अधिक, अंधारलं की उणे.
शेवटी त्याच्या सरांचा फोन आला,
आणि तो मला हातवारे करून सांगू लागला:
खोल गेलेलं मूळ रात्रीही ओढत राहतं,
वर पानं बंद, पाण्याला जायला जागा नाही,
मग ते या आडव्या मुळांतून
बाहेर झिरपतं, वरच्या कोरड्या मातीत.

मी काही बोलले नाही.
टॉर्च घेऊन गेले, वीतभर उकरलं.
माती ओली म्हणावी अशी नव्हती.
फक्त हाताला लागली,
ताप उतरल्यावर कपाळ लागतं तशी.

सकाळी एलेउतेरिओनं कुंपणावर वाकून विचारलं,
काय गं इर्माल्बा, किती पितो माझा म्हातारा?
मी दवाखान्यातला जुना तक्ता काढला होता.
दोन रकाने. आत किती गेलं, बाहेर किती आलं.
दुसऱ्यावर छापलेलं: लघवी, उलटी, रक्त.
तिन्ही शब्दांवर काट मारली.
वर काय लिहावं ते सुचेना, कोरंच ठेवलं.
खाली भरलं: रात्रभरात, अंदाजे, दोन पेले.

त्या रकान्यात उणे चिन्ह लागत नाही.